मिटलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. केस विंचरायचा नव्हे हं, गाडीचा. एका सुताराच्या छोट्या टेम्पोला डाव्या दाराबाहेर कान असतो तसा मी लटकलेला असायचो. आता तुम्ही म्हणाल, लटकण्यात कसला आलाय मोठेपणा? पण गाडी चालवणाऱ्याला डोळे असतात फक्त पुढे. मागे डावीकडे काय चाललंय, हे त्याला सांगायचं ते मीच. माझा तोरा काही उगाच नव्हता.

माझा मालक भला माणूस. सगळे त्यांना सुतारदादा म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. मीही तेच म्हणतो. दादांच्या अंगाला नेहमी लाकडाच्या भुशाचा वास यायचा. सकाळी गाडी काढण्याआधी ते बाहीने माझी काच पुसत आणि "चला राव" म्हणत. एवढ्या कौतुकावर माझा दिवस मजेत जायचा.

दादांच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक अरुंद वाट होती. डांबरी, पण दोन गाड्या अंग चोरून जेमतेम पार होतील एवढीच. दोन्ही बाजूंना कुंपणाची दाट झाडी आणि झाडीच्या पायथ्याशी चर. एकदा एका फांदीने माझी काच तडकवली. तेव्हापासून दादांनी एक सवयच लावून घेतली. वाटेच्या तोंडाशी गाडी थांबवायची, खाली उतरून मला दाराशी मिटून टाकायचं आणि वाट संपली की पुन्हा उघडायचं. मिटल्यावर माझं तोंड खिडकीच्या काचेकडे व्हायचं. मग मला मागचा रस्ता दिसायचा नाही. दिसायचा तो आत बसलेल्या दादांचा चेहरा. मला वाटायचं, मालक माझ्या जिवाला किती जपतात!

वहिनींना सायकलचं भारी वेड. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल चालवायला सांगितली आणि बघता बघता त्यांनी दहा-बारा जणांचा घोळका जमवला. शिक्षिका, नर्स, शिंपी, पोस्टातले काका, सगळे दर रविवारी जोडीजोडीने त्या वाटेने जात आणि सगळ्यांत पुढे वहिनी. दादा मात्र कुरकुरत. दोघंदोघं काय चालता, रस्ता काय आंदण मिळालाय, एकामागे एक जायला काय होतं? वहिनी हसून समजावत की एकामागे एक गेलो तर रांग दुप्पट लांब होईल आणि तुम्हालाच पुढे जायला दुप्पट वेळ लागेल. शिवाय आम्ही कडेला सरकलो की गाडीवाल्यांना वाटतं, घुसायला जागा आहे. पुलापाशी रस्ता रुंद होतो. तिथे आम्ही कडेला थांबतो आणि मागच्यांना जाऊ देतो. तेवढा धीर धरला तर कुणाचं काय बिघडतं?

त्या रविवारी दादांना दाराची एक मोठी चौकट पोचवायची होती, म्हणून त्यांनी टेम्पोला मागे ट्रॉली जोडली. ट्रॉली वरचेवर लागत नसे. वहिनी सायकल बाहेर काढता काढता तिच्याकडे बघून थांबल्या.

"पुढे मी असते," त्या म्हणाल्या. "मी आरशात दिसल्याशिवाय गाडी डावीकडे घेऊ नका."

"बरं बाई," दादा म्हणाले.

आणि वाटेच्या तोंडाशी उतरून त्यांनी मला मिटलं. हात आपोआप गेला हो! मनात काही नव्हतं. नंतर सायकली दिसल्यावर तर ते स्वतःशीच म्हणाले, बरं झालं मिटला, तेवढीच त्यांना जागा.

पुलापर्यंत थांबायला काय झालं होतं? पण गिऱ्हाईकाचे दोन फोन येऊन गेले होते. समोर वाट मोकळी दिसली आणि दादांनी गाडी उजवीकडे दाबून पुढे काढली. खिडकीतून एकेक जोडी मागे पडत गेली. शेवटी वहिनी आल्या. दादांनी हात हलवला. वहिनी खिडकीतून दिसेनाशा झाल्या तोच समोरच्या वळणावरून एका ट्रॅक्टरचं तोंड बाहेर आलं. दादांनी घाईघाईने गाडी डावीकडे घेतली.

मित्रांनो, गाडी वहिनींना ओलांडून गेली होती. ट्रॉली अजून जायची होती.

मागे खडखड झाली. कोणीतरी किंचाळलं. बंद काचेतून दादांपर्यंत फक्त खडखड पोचली. "चौकट सरकली वाटतं," ते पुटपुटले. आणि मला काय दिसत होतं? दादांचा चेहरा! ट्रॅक्टर नीट पार झाला म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला होता. ते चक्क हसत होते. ज्या जागेवर नजर ठेवायला माझा जन्म झाला, तिथे नको ते घडलं आणि मी मात्र त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत बसलो होतो. आज इतकी वर्षं झाली, पण ते हसू आठवलं की अजून माझा विश्वास बसत नाही.

पुलापाशी दादांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि मला उघडलं.

माझ्यात सगळी वाट एकदम आली. आडव्या पडलेल्या सायकली, धावत येणारा ट्रॅक्टरवाला, चराशी वाकलेली माणसं. दादांनी माझ्यातली माणसं एकेक करून बघितली. शिक्षिका, शिंपी, पोस्टातले काका. मग मला जरा वळवून पुन्हा पहिल्यापासून बघितली.

"ती कुठंय?" त्यांनी अगदी हळू विचारलं. तिथे दुसरं कोणी नव्हतं. ते मलाच विचारत होते.

मग ते धावत सुटले. गाडीचं दार उघडंच राहिलं.

वहिनी वाचल्या. उजव्या खांद्याचा मात्र चुरा झाला. दवाखान्यातून घरी येताना त्या डावीकडे माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नजर टाकली. मग त्यांनी विचारलं, "आरसा मिटून किती जागा मिळाली हो?"

"वीतभर," दादा म्हणाले.

"मी चांगली हातभर रुंद आहे," वहिनी म्हणाल्या. दादांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून ते लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर दादांनी कानाला खडा लावला. मला पुन्हा कधी मिटलं नाही. फांद्यांनी माझं अंग ओरबाडलं, पण माझी काही तक्रार नव्हती. पुढे सायकली दिसल्या की ते त्यांच्या चालीने मागेमागे जात. पाठीमागचे हॉर्न वाजवून कान किटवत, पण दादा ढिम्म हलत नसत. रस्ता रुंद झाला की मगच भरपूर अंतर सोडून पुढे जात आणि सगळ्यांत पुढची सायकल माझ्यात पुरती दिसल्यावरच डावीकडे वळत.

पुढे टेम्पो भंगारात गेला. जाण्याआधी दादांनी मला सोडवून घेतलं आणि घरातल्या खिडकीशी टांगलं. मित्रांनो, आम्हा आरशांना ओरडता येत नाही. तुम्ही बघाल तेवढंच आम्ही दाखवतो. तुम्ही मोठे होऊन गाडी चालवाल, तेव्हा वाट अरुंद असेल तर थोडं थांबा आणि आम्हाला उघडं ठेवा. एवढंच तुमच्याकडे मागतो.

वहिनींचा उजवा हात आता डोक्यापर्यंत जात नाही. म्हणून रोज सकाळी माझ्यासमोर दादा त्यांचे केस विंचरतात. सुताराचा हात, पण भांग हमखास वाकडा पडतो आणि मग बोलणी खातात. शेवटी वहिनी माझ्यात बघून विचारतात, "दिसतेय ना मी नीट?"

दादा कंगवा बाजूला ठेवतात. आधी माझ्यात नीट बघतात, आणि मग म्हणतात, "दिसतेस."