लाख वाचकांचं बेट

गुरुवारी दुपारी आमच्या वेगरो बेटावरचं सभागृह इतकं भरलं होतं, की खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं बसली होती. समोर पांढरा पडदा, पडद्यावर जगाचा नकाशा आणि नकाशाच्या वर एक आकडा. नव्व्याण्णव हजार नऊशे चौसष्ट. मग पासष्ट. मग सदुसष्ट. आकडा वाढला की नकाशावर कुठेतरी एक दिवा लुकलुकायचा. कधी पेरू, कधी जपान, कधी ब्राझील.

"श्वास घ्या," सिल्वेस्टर होल्म म्हणाला. "वाचकांची लाट येतेय. मला तळपायाला जाणवतेय."

तळपाय उघडेच होते. मार्च महिना, बाहेर कुत्रंही फिरकणार नाही असा वारा, आणि हा गृहस्थ अनवाणी. बुटांमुळे म्हणे लाट अडते.

आकडा एक लाख झाला. आमच्या बेटावरची माणसं टाळ्यासुद्धा मोजून वाजवतात, पण त्या दिवशी बाकं हादरली. मासे धुरावर सुकवून विकणारा प्रेबेन तर चक्क रडला. बापाच्या मयतीलाही तो रडला नव्हता.

मी आयनार. या बेटावर सव्वीस वर्षं टपाल वाटतोय, त्यामुळे कोणाकडे काय येतं आणि कोणाकडून काय जातं, हे मला ठाऊक असतं. रोज हजारो लोक जगभरातून आमच्या दुकानदारांचे ब्लॉग वाचत होते, असं पडदा सांगत होता. माझ्या पिशवीतून मात्र बेटाबाहेर एकही पार्सल जात नव्हतं. मी सिल्वेस्टरला तसं विचारलंही होतं.

"आयनार," माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तू अजून वस्तूंमध्येच अडकलायस." तो हात आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

तीन आठवड्यांपूर्वी हा माणूस फेरीबोटीतून उतरला. बेटावर दुकानदार चौदा, आणि उन्हाळा सोडला तर गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच. त्याने चौदाही जणांना ब्लॉग काढून दिले. "ब्लॉग लिहायचा नसतो," तो सांगे, "ब्लॉग व्हायचं असतं!" मग सगळेच ब्लॉग व्हायला लागले. प्रेबेनने 'एका हेरिंग माशाचा कबुलीजबाब' लिहिला. खिळे, नट-बोल्ट, रंग आणि बोटीचे सुटे भाग विकणारा आस्गर दिवसाला चार शब्द बोलला तर खूप. त्याने 'नटाचं एकटेपण' या विषयावर सात भाग लिहिले.

आणि बोडिल. माझी धाकटी बहीण, बेटावरच्या एकुलत्या एका बेकरीची मालकीण. पूर्वी सकाळी सहाला तिच्याकडे गरम राय ब्रेड मिळायचा. आता ती पाव भट्टीतून काढून अकरा वाजेपर्यंत त्याचे फोटो काढत बसे. हातात पडेपर्यंत त्याचं लाकूड झालेलं असे. तक्रार केली, की ती मोबाईल माझ्या नाकासमोर धरायची.

"वाच. ब्राझीलचा एदुआर्दो काय लिहितो बघ. 'तुमचा पाव कापताना कडेचा जो कुरकुर आवाज येतो, त्याने माझा दिवस सुरू होतो.' असं कधी म्हणालास तू मला?"

"अगं, ब्राझीलमध्ये बसून त्याला आवाज कसा ऐकू येतो?"

"भावना असते, आयनार. तुला नाही कळायचं."

तर, टाळ्या थांबल्या आणि सिल्वेस्टरने बोडिलला मंचावर बोलावलं. "पहिली पायरी ब्लॉग, दुसरी लाख वाचक. आता बोडिल तिसऱ्या पायरीवर पाऊल ठेवतेय! उद्याच्या फेरीबोटीने तिची भट्टी बेट सोडून जाईल. तिच्या जागी उभा राहील स्टुडिओ. दिवे माझे, कॅमेरे माझे, भाडं नाममात्र. पाव भाजणारे खंडीभर आहेत मित्रांनो, पावावर लिहिणारी एकच!"

पुन्हा टाळ्या. बेटावर दुसरी भट्टी नाही. उद्यापासून पाव पलीकडच्या शहरातून येणार, प्लास्टिकमध्ये घामेजलेला. तेही चालवून घेतलं असतं, पण बोडिलला पाव भाजण्याखेरीज जगात काही येत नाही, आणि दुसरं काही करावंसं तिला कधी वाटलंही नाही. मंचावर ती हसत होती आणि दोन्ही हात एप्रनला पुसत होती. एप्रन स्वच्छ होता. मला भयंकर वाईट वाटलं.

मी उठणार, इतक्यात पुढच्या बाकावरून आवाज आला. "माझी एक शंका आहे."

टोवाबाई. वय एकोणऐंशी. सभागृहातल्या निम्म्या लोकांना गणित त्यांनीच शिकवलेलं. रोज सकाळी अंगणातला पाऊस मोजून वहीत लिहितात. गेले अठरा दिवस त्यांनी पावसाशेजारी हा आकडाही लिहिला होता.

"पहिल्या दिवशी किती लोकांनी वाचलं? पाच हजार चारशे साठ. दुसऱ्या दिवशी पाच हजार चारशे साठ. तिसऱ्या दिवशी?"

"पाच हजार चारशे साठ!" मागून कोणीतरी अभिमानाने ओरडलं.

"जगाचं अढळ प्रेम," सिल्वेस्टर म्हणाला.

"माझ्या अंगणात पाऊससुद्धा दोन दिवस सारखा पडत नाही," बाई म्हणाल्या. "फक्त गेला मंगळवार वेगळा. त्या दिवशी बरोबर तीनशे नव्वद कमी. काय झालं होतं रे मंगळवारी?"

"आस्गर दाढ काढायला शहरात गेला होता," प्रेबेन म्हणाला.

"म्हणजे दाढ आस्गरची दुखली, आणि वाचणं जगातल्या तीनशे नव्वद लोकांचं थांबलं?"

सिल्वेस्टरने डोळे मिटले. "संवेदना! जग आपली वेदना ओळखतं, बाई."

खोटं वाटेल, पण लोकांनी माना डोलावल्या. शेजारच्या बाईने आस्गरच्या गालावरून हात फिरवला. आस्गर जमिनीकडे बघत होता.

बाईंनी मला मासळीचा रिकामा क्रेट आणायला सांगितला. "आपल्याकडे सभा गाण्याने सुरू होते. आज विसरलो. मोबाईल यात टाका, मग एक गाणं म्हणू."

"थांबा!" सिल्वेस्टर पुढे आला. "लाट दुखावेल!"

"आपले मोबाईल कुठे आहेत हे बघून मग वाचतो का रे ब्राझीलचा माणूस?"

मी क्रेट घेऊन बाकाबाकापाशी गेलो, तेव्हा मला दिसलं की बाकांआड सगळ्या दुकानदारांचे अंगठे चालू होते. एकेक मोबाईल क्रेटमध्ये पडला. सर्वांत शेवटी बोडिलचा.

आम्ही वसंताचं गाणं म्हटलं. आठ कडवी. पुस्तकाकडे कोणी बघत नव्हतं, सगळ्यांच्या माना पडद्याकडे. एक लाख दोनशे अकरा. दुसरं कडवं, एक लाख दोनशे अकरा. पाचव्या कडव्यापर्यंत आवाज इतके बारीक झाले, की फक्त पेटी ऐकू येत होती. आकडा तिथेच. साऱ्या जगाने एकदम वाचणं सोडलं होतं.

"आस्गर," बाई म्हणाल्या, "तुझा मोबाईल घे. रोज करतोस ते कर."

आस्गर उठला. त्याची मान लालबुंद झाली होती. त्याने अंगठा दाबला. एक लाख दोनशे बारा. नकाशावर ब्राझील लुकलुकलं. पुन्हा दाबला. तेरा. पुन्हा ब्राझील.

"आस्गर," मंचावरून बोडिल म्हणाली, "ब्राझील तू आहेस?"

"हो." तो घाईने म्हणाला, "पण फक्त मीच! बाकीचे खरे आहेत."

"मला वाटलं, फक्त मीच," प्रेबेन पुटपुटला. "मी पेरू."

"कॅनडा मी," औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली आणि तिने तोंड झाकून घेतलं.

मग एकेक देश उठत गेला. तेरा झाल्यावर सगळ्यांनी बोडिलकडे पाहिलं.

"जपान," ती म्हणाली.

"माझ्या नट-बोल्टांचं कौतुक लिहिता, त्या योशिकोबाई तुम्ही?" आस्गरने विचारलं. इतकं लांब वाक्य आम्ही त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

बाईंनी फळ्यावर खडूने मांडलं. चौदा दुकानदार. प्रत्येकाने बाकीच्या तेरांचे ब्लॉग रोज उघडायचे, प्रत्येक ब्लॉग तीस वेळा. पान उघडलं की आकडा एकाने वाढतो. चौदा गुणिले तेरा गुणिले तीस, पाच हजार चारशे साठ. नाव नोंदवताना जो देश निवडाल, त्याचा दिवा लागतो. सिल्वेस्टरने प्रत्येकाला एकट्याला गाठून कानात एकच गोष्ट सांगितली होती. परदेशी नाव घे, शेजाऱ्यांची वाहवा कर, कोणाला सांगू नकोस. तू नुसतं विरजण, दूध जगाचं!

"चौदा विरजणं," बाई म्हणाल्या. "दूध कोणी आणलंच नाही."

आमच्या बेटावर स्वतःची टिमकी वाजवणं लाजिरवाणं. शेजाऱ्याचं तोंडावर कौतुक करणं त्याहून वाईट, त्याला वाटतं हा काहीतरी मागायला आलाय. हे त्या माणसाने बरोबर हेरलं होतं. एकच गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. इथली माणसं तीस म्हटलं की तीसच करतात. एकतिसाव्यांदा अंगठा दाबण्याचा आगाऊपणा कोणी केला असता, तर सिल्वेस्टर पकडला गेलाच नसता.

"पण हाच तर खरा चमत्कार!" सिल्वेस्टरने हात पसरले. "तुम्ही एकमेकांना सापडलात!"

मागे एकाने टाळी वाजवायला हात उचललेही.

"बूट घाल," बोडिल त्याला म्हणाली. "साडेपाचची बोट आहे."

शुक्रवारी भट्टी न्यायला ट्रक आला. ड्रायव्हरने दोन गरम पाव खाल्ले आणि रिकामा ट्रक घेऊन परत गेला. सहा वाजल्यापासून रांग होती, आणि रांगेत आस्गर होता. त्याच्या दुकानाची भिंत बेकरीला लागून आहे, इतकी पातळ की पलीकडे पाव कापला तरी ऐकू येतं. त्याची पाळी आली. पाव घेतला, पण तो हलेना. आम्ही सगळे मागे उभे.

"पाव चांगला असतो," तो बोडिलला म्हणाला. "अकरा वर्षं सांगायचं होतं."

बोडिलच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुसरीकडे पाहिलं.

तुमच्या गावातही उद्या कोणीतरी असा पडदा लावेल. नमस्कार करू नका, शिव्याही घालू नका. आपला हात बाजूला घ्या, शेजाऱ्यालाही घ्यायला सांगा, आणि आठ कडव्यांपुरतं थांबून बघा, चमत्कार आपला आपण चालतो का. नाही चालला, तर तो तुम्हीच चालवत होतात. ती मेहनत घरी न्या, आणि ज्याचं कौतुक करावंसं वाटतं, त्याच्या दारात जाऊन स्वतःच्या नावाने करा.