केशरी पट्टी

"पप्पा, ऐका ना. दोन इलेक्ट्रॉन. गुरुत्वाकर्षण त्यांना जवळ ओढतं, वीज लांब ढकलते. कोण जिंकणार?"

बारावीतल्या रिद्धीला सकाळी सकाळी श्रोता हवा होता. हरिचंद्रची दुपारची पाळी होती, म्हणून तो आयताच सापडला. "गुरुत्वाकर्षण," तो ऐटीत म्हणाला. "अख्खी पृथ्वी धरून ठेवतं ते."

"हरलात! सगळे स्थिरांक टाकून भागाकार केला मी. वीज किती पट? चारावर बेचाळीस शून्यं!" तिने कंगवा केसांतून फिरवून कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे उडून चिकटले. "खालून पृथ्वी ओढतेय, तरी कंगवा जिंकला. तुम्ही कंपनीत त्या पट्टीला हात लावता ना, ते ह्याच्यासाठीच. अंगातली वीज जमिनीत जाते. फक्त तांबं उघडं पाहिजे."

हरिचंद्रच्या हातातला चहा सांडला.

अंबरनाथच्या कंपनीत तो सव्वीस वर्षं टोल्यूईनचे ड्रम भरत होता. ठिणगी पडली की भडका. म्हणून दाराशेजारच्या तांब्याच्या पट्टीला हात लावूनच आत जायचं. हात लावता लावता त्याचा कधी नमस्कार झाला, कोणालाच कळलं नाही. खंडेनवमीला तो पट्टीला शेंदूर लावून लगेच पुसायचा. यंदा हौसेने केशरी ऑइलपेंटचे दोन हात मारले, वर झेंडूचा हार. आज सुट्टीनंतरची पहिली सकाळपाळी, आणि ड्रमवर त्याचा जोडीदार किसन.

आत मोबाईल नेत नाहीत. गेटवरचा फोन नुसता वाजत राहिला. हरिचंद्रने बाईक काढली. बदलापूर सुटल्यापासून त्याची नजर सारखी अंबरनाथच्या आभाळात धूर शोधत होती. देवा, आज किसनला उशीर होऊ दे. माझ्या हाताने माणूस मरायला नको.

किसन दारात होता. पट्टीवर हात, डोळे मिटलेले.

"किसन! आत जाऊ नको!"

"काय झालं रं?"

हरिचंद्र अवजारांच्या पेटीकडे धावला. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि पट्टी घासायला लागला.

"अरे, पागल झाला काय? देवाचा रंग हाय तो!"

तांबं उघडं पडलं. "आता लाव हात."

किसनने बोट टेकवलं. चट् आवाज झाला.

"आयला, चावली!" किसन हसत हात झटकू लागला.

हरिचंद्र तिथेच खाली बसला. ही चट् ड्रमच्या तोंडाशी झाली असती.

मग त्याने जमिनीवरची केशरी भुकटी, कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून, हाताने गोळा केली आणि रुमालात बांधली.