झेंडेवाली

पूर्व जर्मनीची सरकारी विमान कंपनी बुडाली तेव्हा बर्लिनच्या वर्तमानपत्रांत मोठ्या विमानांचे फोटो आले. हवानाला जाणारी, मॉस्कोला जाणारी, शिडीवर हवाई सुंदऱ्या. ओडर नदीकाठच्या शेतांवर औषध फवारणाऱ्या छोट्या विमानांचा फोटो कुणी छापला नाही. तीही त्याच कंपनीची, शेपटीवर तेच निशाण. गावात त्यांना भुंगे म्हणत. चारांपैकी तीन भुंगे ट्रॅक्टरला बांधून ओढत नेले, मेलेली जनावरं न्यावीत तसे. चौथा उरला, आणि तो उडवणारा ऑर्टविन.

त्या संध्याकाळी ऑर्टविन शीळ घालतच घरात शिरला. त्याच्या बायकोनं, रोस्विथानं, उकडलेले बटाटे, चक्का आणि जवसाचं तेल मांडलं होतं. जेवता जेवता त्यानं सांगितलं, की पश्चिमेकडच्या ब्रोकमान नावाच्या माणसानं चौथा भुंगा विकत घेतलाय. उद्या सकाळी कालव्याकडच्या मोहरीवर फवारून दाखवायचं. पसंत पडलं तर सगळा हंगाम आपला. नाही पडलं तर भुंगा भंगारात, आणि आपणही.

"आणि झेंडा कोण धरणार?" रोस्विथानं विचारलं.

ऑर्टविननं बटाटा सोलत मुलीकडे बघितलं.

डोर्टेचा शर्टांचा कारखाना नाताळातच बंद पडला होता. हनोव्हरच्या मावशीनं तिच्यासाठी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम बघून ठेवलं होतं. पण आईची छाती अशी, म्हणून पोरीचा पाय निघत नव्हता.

"चला, काज-बटणं संपली," डोर्टे म्हणाली. "आता आईची गादी लेकीला."

रोस्विथाला हसू आलं आणि हसण्यातून खोकला उठला. तो थांबेपर्यंत बाकी दोघं ताटात बघत राहिली.

किती वसंत ती मोहरीच्या टोकाला उभी राहिली होती. हातात लाल-पांढरा झेंडा, डोक्याला रुमाल. भुंगा समोरून यायचा, तिच्या डोक्यावरून जायचा, की तिनं पावलं टाकून बाजूला सरकायचं, म्हणजे त्याला पुढची ओळ कळायची. सगळ्या झेंडेवाल्या बायका सरकताना गुणगुणायच्या,

भुंग्या रे भुंग्या, वारा बघून ये,
रुमाल माझा धुतलेला, दुरून दुरून ये.

भुंगा दुरून यायचा नाही. बाजूला सरकलं तरी वाऱ्यानं औषध रुमालावर पडायचं, पापण्यांवर पडायचं, डब्यातल्या पावावर पडायचं. त्या बायका एकेक करून चर्चमागच्या मातीत गेल्या. गावात कारण कुणी बोललं नाही. बोलणार कोण? ज्याच्या त्याच्या घरात एकतर वैमानिक, नाहीतर टाकी भरणारा.

डोर्टे झोपायला गेल्यावर रोस्विथा नवऱ्याला म्हणाली, पोरीला नको.

"ब्रोकमान मुखवटा देणार आहे."

"मला रुमाल दिला होतास."

ऑर्टविननं तिचा हात धरला. "काठ्या रोवून ठेव म्हणशील. काठी सरकत नाही, रोझी. खाली माणूस दिसल्याशिवाय मला ओळ धरताच येत नाही. जन्मभर तुझ्याकडे बघत उडालोय मी."

हे तो प्रेमानं म्हणाला. तेच तिला सोसवेना. तिनं हात काढून घेतला आणि ताटं उचलली.

सकाळी डोर्टे उठायच्या आत रोस्विथा झेंडा घेऊन निघाली. जुना तपकिरी कोट, धुतलेला रुमाल. वाटेत दम लागला की झेंड्याच्या काठीवर टेकायची आणि पुन्हा चालायची. मोहरी कमरेएवढी झाली होती, पिवळीधमक, दवानं जड.

तिनं एकच ठरवलं होतं, जागचं हलायचं नाही. पहिल्या फेरीत वैमानिकानं नुसतं वरून जायचं, झेंडेवाली बाजूला झाली की मगच पुढच्या फेरीला टाकीची तोटी उघडायची. झेंडा सरकला नाही तर तोटी बंद. हा नियम ऑर्टविननंच घालून घेतला होता, लग्नाच्या आधी, तिच्यासाठी. ती हलली नाही की फवारणी होणार नाही, ब्रोकमान गाडीत बसून निघून जाईल आणि डोर्टेच्या हातात झेंडा येणार नाही. घरात चूल कशी पेटेल ते पुढचं पुढे.

भुंगा आला. डोक्यावरून गेला, कोरडा. ती हलली नाही. त्यानं कालव्यावरच्या झाडांना वळसा घातला आणि पुन्हा आला, पुन्हा कोरडा. रस्त्यावर ब्रोकमान गाडीला टेकून उभा होता. त्यानं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. त्याच्या पलीकडून डोर्टे सायकल दामटत येत होती. बांधावर सायकल टाकून ती मोहरीत शिरली, हाका मारत, दोन्ही हातांनी पिवळं बाजूला सारत.

तिसऱ्यांदा भुंगा इतका खाली आला, की काचेमागचं ऑर्टविनचं तोंड रोस्विथाला दिसलं. त्यानं एकदा रस्त्याकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं.

मग पंखांखालून पांढरं सुटलं.

गार होतं ते. तिनं डोळे मिटले, श्वास धरायचा प्रयत्न केला, पण त्या छातीत धरण्याएवढा श्वास होताच कुठे. डोळे उघडले तेव्हा डोर्टे पुढ्यात उभी होती, केसांवर तसलेच बारीक थेंब, आणि आभाळाकडे बघत होती.

"बाबांना दिसलं नसेल, आई. उन्हानं."

"दिसलं," रोस्विथा म्हणाली. "नजर चांगली आहे त्याची."

डोर्टेनं बाहीनं आईचं तोंड पुसलं. कपाळ पुसलं, पापण्या पुसल्या, पुसलेलंच पुन्हा पुसलं. झेंडा मोहरीत पडला होता, तो दोघींपैकी कुणी उचलला नाही.

"हनोव्हरची बस असते ना दुपारी?" रोस्विथानं विचारलं.

"तुला अशी टाकून?"

"मी येत नाही म्हणाले का?"

पोरीनं तिच्या कमरेला हात घातला. दोघी बांधाकडे चालू लागल्या, थांबत, खोकत, पुन्हा चालत. मागे भुंगा परत आला, पिवळ्या शेतावर खाली उतरला, वर चढला, पुन्हा उतरला. ओळ कुठून धरायची ते त्याला कळेना.