देवाकडचा वशिला

टकळीचं खरं नाव घरात कुणी वापरतच नसे. सकाळी डोळ्यांच्या आधी तिचं तोंड उघडायचं, आणि रात्री डोळे मिटल्यावरही ते मिटेलच याची खात्री नव्हती! तिला गप्प करणं एकट्या काचवाल्या आजोबांना जमायचं.

हे आजोबा तिचे सख्खे नव्हेत, अख्ख्या गल्लीचे. खिडक्यांच्या काचा आणि आरसे बसवायचे. दहांतल्या चार बोटांवर कायम पट्ट्या. पण ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमणारी मोठी माणसंही त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत. "तो त्झादिक आहे," म्हणत. म्हणजे असा सत्शील माणूस, की त्याच्या सोबतीनं देव जवळ येतो. टकळीच्या भाषेत, आजोबांचा थेट देवाकडे वशिला होता.

म्हणून आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती धावत त्यांच्या दुकानात गेली. आजोबा काचेवर हिऱ्याच्या टोकाची लेखणी ओढत होते. तेवढा वेळ श्वाससुद्धा जपून घ्यायचा, हा दुकानाचा नियम. रेघ एकदाच ओढायची. पुन्हा ओढली की काच वाकडी फुटते.

कट्‌ झालं आणि टकळी सुटली. "आजोबा, आईचं तेवढं वर सांगा ना!"

"वर? माळ्यावर?"

"चेष्टा नको हो!"

त्यांनी लेखणी खाली ठेवली. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना घेतात तसं आईचं नाव तिच्या आईच्या नावासकट विचारून घेतलं. "मागतो मी. पण तूही मागायचं. मी तुझ्या बदली नाही जात, तुझ्याबरोबर जातो."

"माझं कोण ऐकतंय? घरात बाबा ऐकत नाहीत!"

आजोबा रोज संध्याकाळी यायला लागले. आईची काळजी घ्यायला आलेली मावशी खुर्ची पुढे करायची, पण ते आईच्या पलंगाजवळ खाली फरशीवर बसायचे.

"अहो, खुर्चीला काय काटे आहेत?" मावशी म्हणाली.

"आजारी माणसाच्या उशाशी देव स्वतः येऊन थांबतो, असं आपल्यात सांगतात. तो असताना मी खुर्चीत रेलून बसू होय?" आजोबा आईच्या डोक्याच्या थोडं वर बघत म्हणाले.

आईच्या अंगात त्राण नव्हतं, तरी ती हसली. "आलाच आहे, तर त्याला म्हणावं, उशी जरा उंच कर."

झालं! टकळीला आणखी काय पुरावा हवा होता? आई माझ्या स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत बसणार, असं तिनं वर्गभर सांगून टाकलं.

आई गेली ती एका सकाळी, गॅसवर दूध उतू जात असताना. मावशी गॅस बंद करायला गेली आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिली.

रीतीप्रमाणे घरातल्या आरशांवर चादरी चढल्या. दाराजवळचा आरसा आजोबांनीच बसवलेला, तोही झाकला. सुतकाच्या आठवड्यात बाबा, मावशी आणि टकळी बुटक्या स्टुलांवर बसली. अशा घरात भेटायला येणाऱ्यानं आपणहून बोलायचं नसतं. ज्याचं माणूस गेलं त्यानं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. बाबा बोलले, मावशी बोलली, लोकांनी त्यांचं सांत्वन केलं. टकळी मात्र बोलली नाही.

आजोबा आले आणि तिच्यासमोर खाली बसले. तिनं तोंड फिरवलं. बराच वेळ बसून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही.

"अगं, एक शब्द तरी बोल," मावशी कानाशी पुटपुटली. "तू बोलल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. म्हातारा जीव आहे."

टकळीनं ओठ आणखी घट्ट मिटले. पण सुतक संपत आलं, उद्या आजोबा येणार नाहीत हे लक्षात आलं, आणि तिचा बांध फुटला.

"तुम्ही मागितलंच नाही!"

बसलेले सगळे चमकले.

"मागितलं गं," आजोबा म्हणाले.

"मग?"

"नाही म्हणाला."

"मग काय उपयोग तुमचा?"

"अगं!" बाबा ओरडले.

"बोलू दे तिला. खरं आहे ते." आजोबांनी पट्टीच्या बोटानं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. खांदे हलायला लागले. टकळी बघतच राहिली. वशिल्याच्या माणसाला असं दारातून परत पाठवतात? अगदी तिच्यासारखं?

मग तिच्या ध्यानात आलं, ते आजही फरशीवरच बसलेत. बाजूला खुर्ची रिकामी होती. तिच्या बुटक्या स्टुलापेक्षाही ते खाली होते.

"आता का खाली बसलात?" तिचा आवाज चिरकला. "आई तर नाहीये ना!"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या डोक्याच्या थोडं वर. आईच्या उशाशी पाहायचे ना, अगदी तसंच.

टकळीनं मान वर केली नाही. तिथे कुणी असेलच, तर त्याच्याशी तिला अजिबात बोलायचं नव्हतं. ती स्टुलावरून घसरून आजोबांशेजारी फरशीवर बसली आणि त्यांची बाही मुठीत घट्ट धरली.

"आईला ना," ती म्हणाली, "उशी फार उंच लागायची. मी म्हणायचे, मान दुखेल. तर ती म्हणायची..."

पुढचं तिला सांगताच येईना. आजोबा थांबून राहिले.