सात नंबरच्या गादीत काय होतं

मास्तरांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. ते गाद्यांच्या दुकानात विक्रेते होते. पण गिऱ्हाईक गादीवर बसलं रे बसलं की मास्तर त्याला झोप म्हणजे काय, कूस का बदलावी, उशी मानेखाली घ्यायची असते की डोक्याखाली, हे इतक्या तावातावाने समजावून सांगत की गिऱ्हाईक हात वर करून शंका विचारायला लागे. म्हणून ते मास्तर.

अशा माणसाची पाठ दुखावी हा नशिबाचा निव्वळ चावटपणा. तीन वर्षांपूर्वी टेम्पोतून डबलबेडची गादी उतरवताना मास्तर मागे सरकले ते थेट फुटपाथवर. गादी पडली बाजूला. वीस वर्षं गाद्यांची थोरवी गायलेला माणूस पडायची वेळ आली तेव्हा नेमकी गादी चुकवून पडला. मणक्याचं ऑपरेशन झालं. ते फार छान झालं असं सगळ्यांनी सांगितलं. फक्त मास्तरांच्या पाठीला ते कोणी सांगितलं नाही. ती दुखतच राहिली.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी ज्या गोळ्या दिल्या त्या अफूच्या कुळातल्या होत्या. पहिल्या गोळीने मास्तरांना वाटलं, सुटलो. मग एकीने भागेना, दोन लागायला लागल्या. पुढे एक दुखतंय म्हणून, एक दुखेल म्हणून आणि एक गोळ्या संपतील या धास्तीने, असं चालू झालं. डॉक्टरीणबाई हात आखडता घ्यायला लागल्या, तेव्हा मास्तरांनी बसस्टँडमागचा दुसरा दवाखाना शोधून काढला आणि तिथेही तीच पाठ नव्याने दाखवली.

प्रश्न होता गोळ्या ठेवायच्या कुठे. मास्तरांची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांकडून शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरं वाचून घेणारी बाई. तिच्या घरात गोळ्यांचं पाकीट लपवणं म्हणजे काचेच्या कपाटात हत्ती लपवणं. तेव्हा मास्तरांनी साठा दुकानात हलवला, मांडून ठेवलेल्या सात नंबरच्या गादीत. कोपऱ्यातली चेन उघडायची, फोमला पडलेल्या चिरेत हात घालायचा, काम फत्ते. ती गादी इतकी कडक होती की लोक तिच्यावर बसत आणि चटका बसल्यासारखे उठत. ती कोणी विकत घेईल अशी सुतराम शक्यता नव्हती.

एका मंगळवारी मास्तर डबा खाऊन आले, तर सात नंबरच्या जागी मोकळी फरशी.

“मालक, इथली गादी?”

“गेली!” नातू झाल्यासारखा आनंद मालकांच्या तोंडावर होता. “एक बाई आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, इतकी शिस्तीची गादी मी पाहिली नाही. म्हटलं, गोडाऊनमधून नवीन काढून देतो. तर म्हणे, नवी नको, मी जिच्यावर बसले तीच हवी. टेम्पो गेलासुद्धा.”

मास्तरांच्या पोटात गोळा आला. गोळ्या मात्र गादीबरोबर गेल्या होत्या.

डिलिव्हरीच्या वहीतून पत्ता उतरवून ते तिसऱ्या मजल्यावरच्या दारात उभे राहिले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंनी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात लाल पेन. या बाई मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि सगळी गल्ली त्यांना हेडबाई म्हणे.

“मोफत गादीतपासणी,” मास्तर म्हणाले. जिन्यात सुचलं तेवढंच.

“गादी येऊन दोन तास झालेत. एवढ्यात काय होणार तिला?”

“हे पहिले दोन तासच नाजूक असतात, बाई. नवं घर मानवलं नाही तर गादी आतून खचते.”

हेडबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि आत घेतलं. मास्तरांनी गादीवर टकटक केलं. कान लावला. मान डोलावली. मग बाईंना खोलीबाहेर काढायचं म्हणून म्हणाले, “जरा पाणी मिळेल का?” हेडबाईंनी पलंगाशेजारच्या तांब्यातलं पाणी तिथेच पेल्यात ओतून दिलं. मास्तर ते प्यायले. आणखी मागितलं. तांब्यात पुष्कळ होतं.

शेवटी चार पेल्यांनंतर नाइलाज होऊन मास्तर पलंगावर चढले, गुडघ्यांवर वाकले, चादरीखालून चेन उघडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना पाकीट लागलं. आणि त्याच क्षणी पाठीत अशी काही उसण भरली की मास्तर जिथे होते, जसे होते, तसेच राहिले. ओणवे. एक हात गादीत, तोंड उशीत.

“झाली का तपासणी?”

“चालू आहे,” उशीतून आवाज आला.

“किती वेळ लागेल?”

“नक्की सांगता येत नाही.”

हेडबाईंनी खुर्ची ओढली आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं. दहा मिनिटांनी पेनाचं टोपण लावून त्या म्हणाल्या, “मी पस्तीस वर्षं वर्गावर काढली आहेत. बाकात हात घालून बसलेलं पोर मला पाठमोरी असतानाही कळतं. काय आहे आत?”

मास्तर काही बोलायच्या आत त्यांच्या खिशातला फोन वाजला. हेडबाईंनी तो सहज काढून घेतला, कानाला लावला आणि म्हणाल्या, “हो, आहेत. माझ्या पलंगावर आहेत. तुम्ही आलात तर बरं होईल.”

हेडबाईंनी सांगितलेल्या पत्त्यावर पंधरा मिनिटांत बायको आली. अंगात दुकानाचा पांढरा कोट, कपाळावर विसरून राहिलेला कोणातरी गिऱ्हाइकाचा चष्मा.

“हे तुमचेच का?” हेडबाईंनी विचारलं.

बायकोने मान तिरकी करून पाहिलं. “मागून तरी तसेच दिसतात.”

दोघींनी मिळून मास्तरांना कुशीवर वळवलं. हात बाहेर आला तेव्हा मुठीत गोळ्यांची पाकिटं होती. हेडबाईंनी काठीच्या मुठीने आणखी चाचपून बाकीची काढली. टेबलावर एका ओळीत अकरा पाकिटं मांडली आणि विचारलं, “ही कोणाची?”

“माझी नाहीत, बाई,” मास्तर म्हणाले. पन्नाशीचा माणूस, पण त्या आवाजापुढे तोंडातून दुसरं काही निघेना.

कोणीच हसलं नाही. बायकोने एक पाकीट उचललं आणि त्याच्या मागची, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं सबंध वाचून काढली. मग ती गादीच्या काठावर बसली.

“किती दिवस?”

“ऑपरेशनपासून.”

“मला वाटायचं तुम्ही माझ्यावर चिडून असता. म्हणून बोलत नाही, जेवताना झोपता.”

“चिडलो नव्हतो गं,” मास्तर छताकडे बघत म्हणाले. “गुंगीत होतो. आणि तुला कळेल याची भीती वाटायची. मग त्या भीतीवर परत एक घ्यायचो.”

बायकोने नाक पुसलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला, तो तिला लागेना, म्हणून तिने तो काढून मास्तरांच्याच खिशात घातला.

हेडबाई म्हणाल्या, “माझं खुब्याचं हाड बावीस वर्षं दुखतंय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण गादी माझी आहे, तिच्यात तुम्ही असलं काही ठेवायचं नाही. उद्या पालकांना घेऊन डॉक्टरांकडे जा. पालक म्हणजे या.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मास्तरांनी बोलणी खायची तयारी ठेवली होती, ती वाया गेली. मग त्यांनीच छाती पुढे काढून जाहीर केलं, “आजपासून एकही घेणार नाही!”

“असलं काही करायचं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “शरीराला सवय झाली आहे. एकदम बंद केलंत तर ते घर डोक्यावर घेईल. थोडी थोडी कमी करायची, मी सांगेन तेव्हा आणि मी सांगेन तेवढीच. त्रास झाला तर थांबू, पण लपवायचं नाही. आणि दुखणं पार जाईल असं मी म्हणत नाही. ते कमी जागा अडवेल एवढं बघू.”

त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे धाडलं. रोज चालायचं, फरशीवर पाठ टेकून गुडघे हलवायचे, वीस मिनिटांच्या वर एका जागी बसायचं नाही. गोळ्या बायकोच्या ताब्यात, चष्म्याच्या रिकाम्या डबीत. ती मोजून देई आणि समोर गिळायला लावी.

डोस पहिल्यांदा कमी झाला आणि मास्तरांना जांभया सुटल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, गोळ्या कमी होताना जांभया येतात, शिंका येतात, अंगावर काटा येतो. पण या जांभया म्हणजे गुहा होत्या. मास्तर गिऱ्हाइकाला “ही गादी बघा” म्हणायला तोंड उघडत आणि ते मिटतच नसे. समोरचा माणूस बघे, मग त्यालाही येई, मग त्याच्या बायकोला, मग कडेवरच्या बाळाला. सगळं कुटुंब डोळ्यांत पाणी आणून जांभया देत जवळच्या गादीवर आडवं होई आणि उठताना म्हणे, “हीच द्या.” एक गृहस्थ तर शो-रूममध्ये दोन तास घोरले आणि जाग आल्यावर तीन उशाही घेऊन गेले. त्या महिन्याइतक्या गाद्या दुकानातून कधीच गेल्या नव्हत्या. मालक म्हणाले, “मास्तर, ही कला इतके दिवस कुठे लपवली होती?”

मास्तरांना मात्र घाम फुटत होता, पाय चुळबुळत होते आणि पाठ ठणकत होती. रोज सकाळी दहाला हेडबाईंचा फोन यायचा. हजेरी.

“दुखतंय?”

“हो, बाई.”

“पाचपैकी किती?”

“साडेतीन.”

“म्हणजे दीड शिल्लक आहे. त्या दीडात आज काय करणार?”

मास्तरांना काहीतरी सांगावंच लागे. कोपऱ्यापर्यंत चालून येईन. उशांच्या खोळी लावीन. एकदा नुसतंच “माहीत नाही” म्हणाले, तर हेडबाईंनी विचार करून यायला अर्धा तास दिला आणि खरोखर साडेदहाला परत फोन केला.

तिसऱ्या महिन्यात मास्तर ढासळले. दोन दिवस पाठीने जीव नको केला आणि एका दुपारी त्यांचे पाय आपोआप बसस्टँडमागच्या दवाखान्याकडे वळले. चिठ्ठी घेतली, नंबर चौदा, बाकावर बसले. मग शिंका सुरू झाल्या. सतरा. बाकावरची माणसं हळूहळू सरकत शेवटच्या टोकाला गेली. एका आजींनी स्वतःचा मास्क काढून त्यांना दिला. त्या रिकाम्या बाकावर आजींचा मास्क लावून बसलेल्या मास्तरांना वाटलं, मी इथे दुसऱ्याच कोणाची तरी पाठ घेऊन आलोय. ते उठून काउंटरवर गेले.

“माझं नाव काढून टाका. परत आलो तरी गोळ्या देऊ नका.”

“ते डॉक्टरांना सांगावं लागेल,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “नंबर चौदा ना? आत्ता सहावा चालू आहे.”

म्हणजे गोळ्या न मागण्यासाठीसुद्धा दीड तास रांग होतीच. मास्तर थांबले. दर वीस मिनिटांनी उठून भिंतीला पाठ घासत राहिले. नंबर आल्यावर आत जाऊन त्यांनी दोन दवाखान्यांची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी ती लिहून घेतली, डॉक्टरीणबाईंना तिथूनच फोन लावला आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. नेमकी दुखऱ्या जागी. मास्तर कळवळून “आभारी आहे” म्हणाले. घरी जाऊन त्यांनी बायकोला हेही सांगितलं. ती ताट वाढत म्हणाली, “जेवून घ्या.” त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी डोस आहे तिथेच ठेवला आणि मग पुन्हा कमी करायला घेतला.

हे सगळं व्हायला दहा महिने लागले. शेवटची अर्धी गोळी संपल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मालकांनी सरप्राइज दिलं. जाहिरात! कॅमेरेवाला, दिवेवाला, केस विंचरणारी मुलगी, सगळे दुकानात हजर. मास्तरांनी मधल्या गादीवर बसून एक जांभई द्यायची, बस.

मास्तर बसले. तोंड उघडलं. काही नाही. परत उघडलं. दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं दिसायला लागलं. कॅमेरेवाल्याने नमुना म्हणून स्वतः जांभई देऊन दाखवली. ती दिवेवाल्याला लागली, मग केस विंचरणाऱ्या मुलीला, मग मालकांना. चौघं आळीपाळीने जबडे वासत होते आणि मधोमध मास्तर, वर्षभरातले सर्वांत टक्क जागे.

“अहो, रोज शंभर देत होतात!” मालक काकुळतीला आले.

तेव्हा मास्तरांनी सांगून टाकलं. पाठ, गोळ्या, सात नंबर, सगळं. कॅमेरा चालूच होता, कोणाच्या लक्षात आलं नाही. मालक खाली बसले.

“म्हणजे मी ज्याला कला म्हणत होतो तो तुमचा त्रास होता?”

“हो, मालक.”

“आणि आता दुखत नाही?”

“दुखतं की. आज दोन आहे. पाऊण तास बसवलंत, आता तीन झालंय.” असं म्हणून मास्तर उठले, जाहिरातीच्या दिव्यांखाली फरशीवर आडवे झाले आणि गुडघे छातीशी घ्यायला लागले. मालकांनी थोडा विचार केला आणि तेही शेजारी आडवे झाले. गेली सहा वर्षं त्यांची मान धरत होती, हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

“डावा गुडघा आधी, दहा वेळा,” मास्तर म्हणाले. “श्वास सोडत. ओढायचा नाही, नुसता धरायचा.”

तेवढ्यात दार ढकलून एक जोडपं आत आलं. बावीस गाद्या रिकाम्या आणि दुकानदार फरशीवर, हे बघून ती दोघं दारातच थबकली.

“या, या,” मास्तर खालूनच म्हणाले. “जागा बघून बसा. आमचे दहा राहिलेत.”