तळाशी बसलेलं

बालवाडीच्या बाईंचा त्या दिवशीचा पाठ चांगलाच रंगला. टेबलावर पाण्याचे तीन पेले होते. एकात मीठ टाकलं, एकात वाळू, एकात तेल. पोरांनी चमचे असे फिरवले की निम्मं पाणी जमिनीवर. वाळू तळाशी बसली, तेल वर तरंगलं आणि मीठ दिसेनासं झालं. पोरं म्हणाली, मीठ गेलं.

"गेलं नाही, विरघळलंय," बाई म्हणाल्या. "दिसत नसलं तरी आहे. चाखून बघा."

बाईंची स्वतःची मुलगी, चिमी, त्याच वर्गात होती. बाकीच्यांनी बोट बुडवलं. तिने सरळ घोटच घेतला आणि तोंड वाकडं करून सगळ्यांना हसवलं.

दिसत नसलं तरी असतं, हे बाईंना दुसऱ्या कुणी शिकवायला नको होतं. रोज सकाळी त्या सासऱ्यांच्या दुधात झोपेच्या गोळ्या कुटून घालत. सासरे जन्मभर रंगारी. आता डोक्यातलं एकेक पुसलं जात होतं. दार उघडं दिसलं की कामावर निघायचे. एकदा भर रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध, झाडूने हवेला रंग देत उभे सापडले. नवरा ट्रकवर, कधीतरी उगवणारा. सांभाळायला माणूस मिळेना आणि नोकरी सोडून पोट कसं भरणार? डॉक्टरांनी रात्रीपुरती अर्धी गोळी सांगितली होती. बाई सकाळी अख्ख्या दोन द्यायच्या, बाहेरून कडी घालायच्या आणि चिमीला घेऊन शाळेत गाणी शिकवायला जायच्या. सुरुवातीला फार वाईट वाटायचं. मग तेही अंगवळणी पडलं.

पाठाच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या हातात दूध देऊन त्या मागे कपडे धुवायला गेल्या. परत येऊन बघतात तर चिमी आजोबांच्या मांडीवर गाढ झोपलेली आणि सासरे टक्क जागे. बाईंनी पोरीला हलवलं, तोंडावर पाणी मारलं. मान नुसती लोंबत होती.

सासऱ्यांना मागे ठेवायची सोय नव्हती, त्यांनाही रिक्षात कोंबलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पोटात काय गेलंय, किती गेलंय. बाईंच्या ओठांवर खोटं तयार होतं: पोरीनेच गोळ्यांचं पाकीट उघडलं असेल. पण अंदाजावर इलाज झाला तर पोर हातची जाईल.

"मीच दुधात झोपेच्या गोळ्या घातल्या होत्या," त्या म्हणाल्या. "दोन. सासऱ्यांना झोपवायला."

नर्सने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, ते नंतर बोलू, आणि चिमीला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर बाईंनी सासऱ्यांना विचारलं, पोरगी दूध प्यायली कशी.

"शाळा शाळा खेळत होती. म्हणाली, काय विरघळलंय ते चाखून सांगते. मी म्हटलं, विरघळत नाही ते, तळाशी बसतं. मी रोज बोटाने ढवळून घेतो, रंगासारखं. तळाचं कडू असतं, पिऊ नको म्हटलं. तोवर तिने पेला रिकामा केला."

"बाबा, तुम्हाला कळत होतं? मग रोज का प्यायचात?"

सासऱ्यांनी बोट सदऱ्याला पुसलं.

"तुला उशीर होतो ना," ते म्हणाले.

बाई पदरात तोंड खुपसून रडल्या. संध्याकाळी चिमीने डोळे उघडले, पण आईचा हात धरला नाही. आजोबा कुठे आहेत, एवढंच विचारलं. नवरा धावत आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बायकोशी बोलणं टाकलं.

चिमी घरी आली त्या सकाळी बाई शाळेत गेल्या नाहीत. सासऱ्यांना नुसतं दूध दिलं, साखरसुद्धा घातली नाही, आणि समोर बसून राहिल्या. सासऱ्यांनी बोट बुडवून दूध नीट ढवळलं, तळापर्यंत संपवलं आणि पेला खाली ठेवला. मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि सुनेला जायला मिळावं म्हणून डोळे घट्ट मिटून पडून राहिले.