भंडाऱ्याखालचा शब्द

मित्रांनो, मला उघडलंत तर आधी तुमच्या बोटांना भंडारा लागेल. रागावू नका. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझी शिवण उसवली आहे, कोपरे कोकरांनी चघळले आहेत. जत भागातल्या एका घरात, देव्हाऱ्यात, बिरोबाच्या टाकाशेजारी मी असतो. इतका मान पुस्तकांना क्वचित मिळतो. तरी मन भरून येतं, ते का, ते सांगतो.

माझं पहिलं घर वाईला. नानासो गुरुजी दसऱ्याला माझ्यावर झेंडूचं फूल वाहायचे आणि दुसऱ्याच दिवशी मला उघडायचे. "देवाला निजवून ठेवू नये," म्हणायचे.

दिवाळीनंतर गुरुजींच्या रानात बिरदेव धनगराची मेंढरं बसायला येत. लेंडीखताच्या बदल्यात धान्य द्यायची रीत. एका वर्षी गुरुजींनी जोंधळ्याच्या पोत्यावर मलाही ठेवलं. बिरदेवची लेक सोनिया तेव्हा सहावीत होती. अर्धं वर्ष शाळा, अर्धं वर्ष मेंढरांमागे.

मग घोड्याच्या पाठीवर, पातेली आणि कोंबड्या यांच्यामधून मी कृष्णाकाठ पाहिला. एका संध्याकाळी लोकर कातता कातता बिरदेवनं विचारलं, "सोने, आपल्या ह्या चालन्याला इंग्रजीत काय म्हनत्यात गं?"

तिनं बरीच पानं उलटली. "घावला आबा! मायग्रेट."

"म्हंजी?"

माझ्यात लिहिलं होतं, तेच तिनं आपल्या बोलीत सांगितलं. "ऋतू फिरला की दुसऱ्या मुलखात जायचं, आन् परत ऋतू फिरला की माघारी यायचं. थंडीत पाखरं बी मायग्रेट करत्यात."

"नुसतं जायचं न्हाई?"

"न्हाई आबा. माघारी यायचं बी लिवलंय हितं."

बिरदेवला अक्षरओळख नव्हती. त्यानं कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला आणि तिच्या बोटाखालच्या शब्दाला लावला. "लय शाना शबुद हाय." मित्रांनो, माझ्यात हजारो शब्द आहेत, पण देवाचा भंडारा त्या एकालाच लागला. मी कृतार्थ झालो.

पुढं बारावी करून सोनिया नर्सिंग शिकायला मिरजेला निघाली. मला तिनं बिरदेवच्या हातात दिलं. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मला मोबाईलमधी मिळतंय सगळं. मी मायग्रेट करती आबा. मिरगाला येती."

दोन वर्षं ती मिरगाला, पाऊस लागून मेंढरं माघारी येतात तेव्हा, आली. मग पुण्यात नोकरी लागली, आणि रजा काही मिळेना.

रविवार बिरोबाचा वार. अंघोळ करून, उपाशीपोटी बिरदेव मला मांडीवर घेई. पिवळं पान आपोआप उघडे. शब्दाला भंडारा, वर समईतल्या तेलाचं बोट.

"आवं, पुस्तकाला हळद लावून पोरगी येती व्हय? नवरी हाय का ती? फोन करा की!" त्याची बायको अंजना म्हणे.

"तू गप. पाखरास्नी कोन फोन करतंय? तरी येत्यातच की."

मला ओरडावंसं वाटे, बाबा, पुरे! अक्षरं बुडताहेत! पण भंडाऱ्याला नको कसं म्हणायचं? आणि शब्द पोटात असून मला बोलता कुठं येतं?

यंदा माघात त्याची छाती भरली. मेंढरं भावाकडं गेली, तो जतकडच्या घरी आला. अंजनानं दोनदा फोन हातात घेतला, त्यानं दोन्हीदा खाली ठेवायला लावला. "ड्युटीवर आसंल ती. मिरगाला येईल." तिकडं पोरीला वाटत होतं, काही लागलं तर आबा फोन करतीलच. चैत्रातल्या एका रविवारी सकाळी त्यानं मला मांडीवर घेतलं, भंडारा चिमटीत धरला, आणि ती चिमूट तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सोनिया आली. तिनं मला उघडलं. ओढणीच्या टोकानं पान पुसलं, पुन्हा पुसलं. पिवळ्याशिवाय तिथं काही उरलं नव्हतं.

"आये, हितं शबुद व्हता गं."

"व्हता की. दर ऐतवारी पुजायचे."

"मग मला एक फोन का न्हाई केला?"

अंजनानं मला मिटून आपल्या मांडीवर घेतलं. "पाखरास्नी कोन फोन करतंय, म्हनायचे."

मित्रांनो, पुस्तकाला फूल वाहा, हळदही लावा. पण गुरुजींसारखं दुसऱ्या दिवशी उघडा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला पुन्हा पुन्हा वाचून दाखवा. एकदा सांगितलेला अर्थ माणूस जन्मभर जपतो. तो खरा करायची जबाबदारी सांगणाऱ्याची असते.

काल मिरग लागला. सोनिया रजा घेऊन आली आहे. सकाळी अंघोळ करून तिनं मला मांडीवर घेतलं आणि पिवळ्या डागावर बोट ठेवलं. शेजारी अंजना बसली होती. जे दिसत नव्हतं ते सोनियानं पाठ म्हटलं, "ऋतू फिरला की जायचं..."

पुढचं तिला म्हणवेना. ते अंजनानंच म्हटलं.